झडीपुरती भाजी

माझ्या मोठीमायला कुणी म्हटलं, "बाई, तुमच्या हाताला काय चव आहे हो," की ती चिडायची. चव काय, बाजारच्या मसाल्यालाही असते, असं तिचं म्हणणं. कौतुक करायचंच असेल तर तिच्या मडक्यांचं करा. तिच्या मडक्यातल्या भाजीला पावसाळा उलटून गेला तरी कीड लागत नसे, आणि याचा तिला एवढा अभिमान की पाहुणा आला की चहाच्या आधी मडक्याचं तोंड उघडून दाखवायची. वास घ्यायला लावायची. पाहुण्यानं नुसती मान हलवली तर तिचं समाधान होत नसे, तो काहीतरी बोलेपर्यंत ती मडकं त्याच्या नाकासमोरून हलवायची नाही. नम्रपणा तिच्या अंगाला शिवलेला नव्हता, आणि मला तिची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची.

तिचं नाव कौसल्या. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ बळीराम, त्यांची ही बायको. आमच्याकडे अशा चुलतीला मोठीमाय म्हणतात. आमचं गाव घाटंजीच्या बाजारातून पायी निघालं तर उन्हं तापायच्या आत पोचावं इतक्या अंतरावर, आणि आमची वस्ती गावाबाहेर नाल्याच्या काठाला. मी सांगते आहे ते घडलं तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पण आमच्या घरात हे इतक्या वेळा सांगितलं गेलं आहे, आणि दर वेळी मोठीमाय मध्येच तोंड घालून सांगणाऱ्याची चूक काढायची, की आता मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

आधी टोपलीचं सांगायला हवं. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात बांबूची एक टोपली असायची. गावातलं मेलेलं ढोर आमच्या माणसांनी ओढायचं, गावाची सांगेल ती कामं करायची, आणि त्याच्या बदल्यात आमच्या बायकांनी सणाला आणि नडीच्या दिवसांत ती टोपली घेऊन दारोदार उभं राहायचं. शिळंपाकं जे असेल ते घरातल्या बाईनं वरून टोपलीत टाकायचं. हात लागू नये म्हणून वरून. आता काही लोक 'जुनी पद्धत होती ती' म्हणून हे उडवून लावतात तेव्हा माझं डोकं फिरतं. वरून टाकलेली भाकरी नेहमी टोपलीतच पडायची असं नाही, कधी मातीतही पडायची, आणि ती उचलून घरी आणावी लागे. माझी आजी भागाबाई, म्हणजे मोठीमायची सासू, उभं आयुष्य ती टोपली घेऊन फिरली होती.

छप्पन्न साली नागपूरला दीक्षा झाली. आमच्या वस्तीतले काही जण तिथं गेले होते, आणि ते परत आल्यावर पुढचा उन्हाळा लागायच्या आत सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, त्याचं मांस खायचं नाही, आणि कुणाच्या दारात टोपली घेऊन उभं राहायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. बायकांनी टोपल्या आणून एका जागी जाळल्या. माझ्या आजीनं मात्र जाळली नाही. चांगली घट्ट विणलेली आहे, राहू दे घरात, असं म्हणून तिनं ती चुलीमागच्या खुंटीला अडकवली. मोठीमायला ते मुळीच आवडलं नाही. पण सासूच्या वस्तूला हात लावायची तेव्हा टाप नव्हती, मोठीमायचीसुद्धा.

गावाला हे सगळं झोंबलंच. पाटलानं आमच्या माणसांना कामावर बोलावणं बंद केलं, इतरांनी त्याचं पाहून केलं. पाटलीणबाईंना आजी नाल्याच्या वाटेवर भेटली. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या, बाळंतिणीला गूळ-तूप पाठवणाऱ्या होत्या, पण आपल्या हातून जाणारं दान कुणी नको म्हणेल हेच त्यांना पटत नव्हतं. त्या हसून म्हणाल्या, "झड लागू दे भागे. येशीन तू टोपली घेऊन." आजी तशीच पुढे निघाली. घरी येऊन तिनं ते मोठीमायला सांगितलं, आणि सांगताना तिची नजर खुंटीकडे गेली. मोठीमायनं ते पाहिलं.

झड काय असते ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. श्रावणात आभाळ एकदा खाली बसलं की उठत नाही. पाऊस जोराचा नसतो, पण थांबतही नाही. निंदण बंद, म्हणजे मजुरी बंद. लाकूड ओलं, धुरानं डोळे फुटायची वेळ. नाला भरला की घाटंजीचा बाजार तुटला. घरात ज्वारी थोडीफार असे, पण नुसती कोरडी भाकरी माणूस किती दिवस गिळणार? आजवर आमची वस्ती झडीतून दोन गोष्टींच्या आधारानं निभावून जायची. एक म्हणजे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या पट्ट्या, ज्यांना आम्ही चाण्या म्हणायचो, आणि दुसरी ही टोपली. दोन्ही आता सुटलं होतं. पुरुषांनी शपथ घेतली ती मोठ्या आवाजात घेतली, पण झडीत ताटात काय वाढायचं हा विचार त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. तो येणार कुणाच्या डोक्यात हे सांगायला नकोच.

वस्तीची बैठक बसली होती तेव्हा मोठीमाय मागून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "झडीपुरती भाजी मी पुरवीन. या वस्तीतून एक बी टोपली बाहेर जानार नाई."

मोठेबाबा, म्हणजे तिचा नवरा, खाली मान घालून बसले. बायको भर बैठकीत बोलली याची त्यांना लाज वाटली असं ते म्हणायचे. खरं कारण हे की घरामागे जागा होती ती खाटेएवढी, आणि विहिरीवर आम्हाला पाणी नव्हतं. पण शब्द तर तोंडातून गेला होता.

मोठीमाय कामाला लागली. घरामागची दगडं उपसून तिनं जागा वाढवली, ती दगडं रचून बांध घातला, नाल्याच्या पात्रात झिरा खोदला आणि त्यात पाझरून साचेल तेवढं पाणी घागरीनं वाहिलं. घरात कुणी आंघोळ केली तर ते पाणीही वांग्याच्याच बुडाशी गेलं पाहिजे असा तिचा दंडक होता. मोठेबाबा एकदा नाल्यावरूनच आंघोळ करून आले तर त्यांना बोलणी खावी लागली. ऐन उन्हाळ्यात वांगी आली, गवार आली. आता ती वाळवायची.

आणि इथं चूक झाली. ती चूक आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकत होती. वाळवायचं म्हटल्यावर आमच्या बायकांना एकच वाळवणं माहीत होतं, ते चाण्यांचं. आजीनं सुनेला शेजारी बसवून शिकवलं. जाड पट्ट्या कापायच्या, सुतळीत ओवायच्या, दोन दिवस उन्हात टांगायच्या आणि मग चुलीवर धुरात लटकवायच्या. आयुष्यभर तिनं तसंच केलं होतं आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वांग्याच्या जाड पट्ट्या घरभर लटकल्या. वरून काळ्याभोर, कडक झाल्या. दोघी सासू-सुना मोठ्या खुशीत होत्या.

सत्तावन्नची झड लागली तेव्हा मोठीमायनं पहिलं मडकं उघडलं. वरून कडक दिसणाऱ्या पट्ट्या आतून ओल्याच राहिल्या होत्या. हात घातला तर बुरशी, आणि बुरशीत वळवळणाऱ्या अळ्या. दुसरं मडकं उघडलं, तेही तसंच. तिनं सगळी मडकी नाल्यात नेऊन रिकामी केली. रडली मात्र नाही. तिचं रडणं रागातून जायचं, आणि तो राग तिनं त्या दिवशी मडकी घासण्यावर काढला.

ती झड वस्तीनं रानात उगवणाऱ्या तरोट्याच्या पाल्यावर आणि तिखट-मिठावर काढली. लेकरांची तोंडं सोलली. शेजारची जमनाबाई एका सकाळी पदराखाली भांडं घेऊन गावाच्या वाटेला लागली, वेशीपर्यंत गेली आणि तिथूनच परत आली. का परतली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि मोठीमायनंही विचारलं नाही. पण जमनाबाई ज्या वाटेनं गेली ती आपल्यामुळे गेली हे मोठीमायच्या मनाला लागून राहिलं. त्याच दिवसांत एकदा आजीनं खुंटीवरची टोपली काढली, फडक्यानं पुसली, आणि थोडा वेळ मांडीवर घेऊन बसली. मग परत अडकवली. मोठीमाय चुलीशी बसून हे सगळं पाहत होती. पुढच्या झडीला ही टोपली दाराबाहेर जाईल की नाही, ते आता आपल्याच हातात आहे, एवढं तिला कळून चुकलं.

पाऊस उघडल्यावर टेकडीवरच्या तांड्यातली रुपीबाई लाकडाची मोळी घेऊन बाजाराला निघायची, ती आमच्या निंबाखाली टेकली. रुपीबाई बंजाऱ्याची. तिच्या सासरची माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मिठाची पोती लादून मुलुखभर फिरायची, आता तांड्यावर शेती करत होती. मोठीमायनं तिला झाली ती फजिती सांगितली. रुपीबाईनं सुतळीला चुकून राहिलेली एक वाळकी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि हसू लागली. इतकी हसली की मोठीमायला राग यायला लागला. मग म्हणाली, "अवं, हे काय मटन हाये का? बारीक चिर. उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढ. अन् मोडल्यावर कट वाजलं नाई, तं मडक्यात नको भरू."

बस, एवढंच. त्या बदल्यात रुपीबाईनं काही मागितलं नाही. मोठीमायनंच तिच्या मोळीवर एक कोहळं बांधून दिलं, आणि रुपीबाईनं पुढच्या खेपेला तांड्यातल्या वालाचं आणि कोहळ्याचं बी पुडीत बांधून आणलं. या दोघींचं पुढे जन्मभर पटलं. एकमेकींना नावं ठेवायच्या ते वेगळं.

त्या वर्षी मोठीमायनं एकटीनं करायचा हट्ट सोडला. मला वाटतं त्यातच तिचं शहाणपण होतं, कारण तिच्यासारख्या बाईला ते जड गेलं असणार. तिनं घरोघर फिरून प्रत्येकीला अंगणामागे चार वांगी, दोन वेल लावायला लावले. ज्या घरात आळस दिसला तिथं जाऊन भांडली. अवघ्या वस्तीच्या पाठीमागे हिरवं दिसू लागलं.

हिरवं दिसलं की खाणारेही येतातच. वालाला मावा पडला, शेंडे काळे चिकट झाले. मोठीमाय रोज सकाळी दव असतानाच चुलीतली राख चाळून त्यावर उडवायची, म्हणजे ती ओल्या पानाला धरून बसे. वांग्याच्या शेंड्यात अळी शिरली. मान टाकलेला शेंडा दिसला की खुडायचा आणि चुलीत घालायचा, झाडावर ठेवायचा नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं. निंबोळ्या कुटून भिजवलेलं कडू पाणी तिनं झाडूनं शिंपडलं. अळीचं एकवेळ ठीक, पण वानरं! ती टोळीनं यायची, शेंग तोडून एक दात लावायची आणि फेकून द्यायची. खाल्ली असती तरी तिला एवढा राग आला नसता, नासाडी तिला सहन व्हायची नाही. मोठेबाबा तेव्हा घाटंजीच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे, तिथून ते एक फुटका डबा घेऊन आले. दिवसभर आमच्या वस्तीतून डबा वाजल्याचा आवाज गावात ऐकू जाई, आणि गावातले लोक म्हणत, यांना दीक्षेनंतर वेड लागलं.

वानरं परवडली, असं वाटायची वेळ फाल्गुनात आली. भर दुपारी आभाळ काळं होऊन गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा. पाऊस थांबला तेव्हा वांग्याची झाडं दांड्यांसकट मोडून पडली होती, भेदरं, म्हणजे टोमॅटो, फुटली होती, वालाचे मांडव आडवे झाले होते. बायका डोक्याला हात लावून बसल्या. मोठीमाय मात्र चिखलात उतरली आणि वेचायला लागली. मार लागलेली भाजी रात्र काढत नाही, आज चिरली तर आपली, उद्या उकिरड्याची, असं ती ओरडून सांगत होती. मग सगळ्या उठल्या. विळ्या आल्या, पातेल्यांत मिठाचं पाणी उकळलं, आणि जखमी वांगी, भेदरं, गवार, सगळं पातळ पातळ चिरून त्या पाण्यातून काढलं. गारांनी काढणीच केली म्हणा ना, फक्त आम्हाला न विचारता. दिवस मावळेपर्यंत वस्तीतलं एकही लुगडं, एकही पोतं रिकामं राहिलं नव्हतं, सगळ्यांवर भाजी पसरलेली.

या वाळलेल्या भाजीच्या फोडींना आमच्याकडे खुला म्हणतात. वांग्याच्या खुला, गवारीच्या खुला. उन्हाळाभर त्यांचं काम चाललं. जी झाडं वाचली त्यांना पुन्हा फूट आली, त्यांचाही माल आला. सकाळी छपरावर टाकायचं, दव पडायच्या आत गोळा करायचं. कोहळ्याच्या किसात उडदाचं पीठ कालवून वड्या घातल्या. अंबाडीचा पाला वाळवून चुरला. मोठीमाय छपराखालून जाता जाता एक फोड उचलायची आणि कानाशी नेऊन मोडायची. कट वाजलं नाही की ती सगळी रास परत उन्हात. जमनाबाई वैतागून म्हणायची की एवढी परीक्षा तर सोयरिकीला पोरीचीही कुणी घेत नाही.

वैशाखात, सगळं जवळजवळ झालेलं असताना, वादळ आलं. धूळ उठली आणि मागोमाग टपोरे थेंब. सगळ्या वस्तीचा माल छपरांवर. जो तो सूप, परात, पदर, हाताला येईल ते घेऊन धावला. मोठीमाय छपरावर चढून खुला ओढत होती आणि खाली द्यायला काही भांडंच उरलं नव्हतं. तेवढ्यात आजी घरातून बाहेर आली, हातात तीच टोपली. डोक्यावर धरून ती छपराखाली उभी राहिली आणि म्हणाली, "टाक यात." मोठीमाय एक क्षण थबकली. मग ओंजळी भरभरून टाकू लागली. वरून टाकलेलं तीच टोपली पुन्हा झेलत होती, पण या वेळी ते सुनेच्या हातचं होतं. आजी भिजली, खुला फारशा भिजल्या नाहीत. ज्या भिजल्या त्या मोठीमायनं बाजेवर पसरून खाली गोवऱ्यांची धग ठेवून पुन्हा कडक केल्या.

मडकी भरली. आत निंबाचा पाला, वर झाकण, झाकणाच्या कडेला माती आणि शेण लिंपून बंद. आमच्या घरातली एक भिंत पूर्ण मडक्यांनी भरली. टोपली परत खुंटीला गेली.

अठ्ठावन्नची झड लागली ती थांबेचना. नाल्यानं बाजाराची वाट बंद केली. गावातल्या लोकांच्या वाड्यांमधली भाजी पाण्यात सडली, पाटलाच्या घरीसुद्धा रोज डाळ आणि डाळच, असं गुराख्यांच्या तोंडून कळत होतं. मोठीमायनं पहिलं मडकं उघडायला घेतलं तेव्हा आमच्या घरात सगळी वस्ती जमली होती. लिंपण खरवडलं, झाकण काढलं. तिनं आत हात घातला, एक खूल काढली, आणि कुणी काही बोलायच्या आत मोडली.

कट.

पुढे कितीतरी वर्षं मोठीमाय हे सांगताना तोंडानं तसा आवाज काढायची. तिला काय वाटलं असेल ते मला विचारायची गरज पडली नाही. तिचा चेहराच सांगायचा.

झडभर तिनं रोज दुपारी प्रत्येक घराला भाजी दिली, माणसं बघून, वाटीनं मोजून. मोजण्यात ती कठोर होती. जमनाबाईकडे पाहुणे आले, तिनं एक वाटी जास्त मागितली, मोठीमायनं दिली नाही. दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. लोक कुरकुरले, पण दुपारी सगळ्या घरांतून वांग्याच्या खुलांचा आणि लसणाचा वास सुटला की कुरकुर थांबायची. पोळ्याच्या दिवशी गावाकडून पुरणाचा वास यायचा, पूर्वी दरवर्षी आमच्या बायका त्या दिवशी टोपल्या घेऊन निघायच्या. मोठीमायनं त्या दिवसासाठी कोहळ्याच्या वड्यांचं मडकं न उघडता ठेवलं होतं. वस्तीत वड्यांचा रस्सा झाला. लेकरांनी वाट्या चाटून पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीमाय पाणी आणून घरात आली आणि पाहते तर खुंटी रिकामी. आजीही नव्हती.

एवढं सगळं करून, इतके दिवस निभावून, शेवटी सणाच्या शिळ्या पोळ्यांसाठी सासू गेली? हातातली घागर तशीच टाकून ती पावसात निघाली. चिखलात पाय घसरत होते. वेशीत आजी दिसली नाही. गल्लीत दिसली नाही. दिसली ती पाटलाच्या ओट्यापाशी, डोक्यावर पोत्याची खोळ, काखेत टोपली, वर फडकं झाकलेलं.

पाटलीणबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "आली ना शेवटी? मी म्हनलंच होतं," असं म्हणून त्यांनी आतल्या सुनेला कालच्या पोळ्या आणायला सांगितलं.

"थांबा बाई," आजी म्हणाली. "घ्याले नाई आली मी. द्याले आली." आणि तिनं फडकं काढलं.

टोपली काठोकाठ भरलेली होती. वांग्याच्या खुला, गवार, वर मूठभर वड्या. मोठीमायनं ओळखलं, शेवटच्या मडक्यातली भाजी होती ती. तिला राग यायला हवा होता, पण ती जिथं होती तिथंच उभी राहिली.

पाटलीणबाईंनी टोपलीत पाहिलं. कितीतरी दिवस त्यांच्या घरात भाजीचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, आणि बाईमाणसाला चांगला वाळलेला माल नजरेनं कळतो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, तिथं ओट्याखाली ठेव, गडी उचलून आणेल.

"खाली ठेवाची चीज नोहे ते," आजी म्हणाली. "माह्या सुनेच्या हातची आहे. घ्याची असन तं हात पुढं करा."

पाटलीणबाईंचा हात पदराबाहेर आला होता, असं मोठीमाय शपथेवर सांगायची. पण समोरच्या दारात शेजारीण उभी होती, तिच्या मागे आणखी कुणी. तो हात परत पदरात गेला. पाटलीणबाई आत निघून गेल्या. आजी थोडा वेळ थांबली, रीतीप्रमाणे थांबावं तेवढं. मग तिनं फडकं नीट झाकलं आणि वळली. सुनेला पाहून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. दोघी पावसातून घरी निघाल्या. वाटेत मोठीमायनं टोपलीला एका बाजूनं हात दिला.

वस्तीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती, आणि अर्धीच पोचली होती. भागाबाई टोपली घेऊन पाटलाच्या दारी गेली, एवढंच. बायका तोंडं पाडून निंबाखाली जमल्या होत्या. जमनाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. आजीनं मधोमध टोपली ठेवली आणि फडकं काढलं.

"पाहा वं," ती म्हणाली. "गावातून टोपली भरून आली, अन् मागितलं काई नाई."

त्या दुपारी मोठीमायनं ती सगळी भाजी एकाच मोठ्या गंजात शिजवली, आणि कुणालाच वाटीनं मोजून वाढली नाही.